दोनशे डॉलरची शांतता

आपल्याकडे ‘सायलेन्सर’ म्हटलं की डोळ्यांपुढे बुलेट येते. कॉलेजातली पोरं कंपनीनं बसवलेला सायलेन्सर काढून फटाके फुटल्यासारखा आवाज करणारा बसवतात. मग पोलीस असे शेकडो सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. ते व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. आवाज वाढवला म्हणून गुन्हा. त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

मी टेक्ससमध्ये राहते. 2022 साली मी इथे एक सायलेन्सर विकत घेतला. बाइकचा नाही, शिकारीच्या रायफलचा. तो हातात यायला मला पावणेआठ महिने लागले. बोटांचे ठसे, फोटो, केंद्र सरकारकडे अर्ज आणि दोनशे डॉलर कर. म्हणजे इथे कायद्याच्या सगळ्या चौकशा आवाज कमी करण्यासाठी होत्या. वाट बघत असताना मला प्रश्न पडला, की एका नळकांड्याला इतकं कोण आणि का घाबरलं? त्याचं उत्तर शोधता शोधता मी शंभर वर्षं मागे गेले. पण आधी माझ्या कानाबद्दल सांगते.

मूळची मी कुडाळजवळच्या एका गावातली. आमच्या आबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की परत यायची. रानडुकरं भातात उतरली की आबा रात्री माळ्यावर बसत. नळीत दारू ठासायची, वरून छर्रे, केप लावायची आणि बार काढायचा. बहुतेक वेळा डुक्कर पळून जायचं, तेवढंच हवं असायचं. कानात घालायला आबांकडे फार तर कापूस. आम्ही लहानपणी आबांच्या डाव्या बाजूला बसून काही विचारलं की ते समोरच बघत राहायचे. मग आजी आतून ओरडायची, “डाव्या कानान तेंका ऐकाक येना नाय, उजवेकडसून हाक मार!”

हे म्हातारपण नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. उजव्या हातानं बंदूक चालवणाऱ्याचा उजवा कान दस्त्याकडे, डोक्याच्या आडोशाला असतो. डावा कान मात्र नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो. म्हणून जगभरच्या उजव्या नेमबाजांचा डावा कान आधी जातो.

टेक्ससमध्येही रानडुकरं आहेत. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या, मग मोकाट सुटलेल्या डुकरांचे हे वंशज. एकट्या टेक्ससमध्ये त्यांची संख्या वीस लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. एका रात्रीत ती शेत नांगरल्यासारखं उकरून टाकतात. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या रँचरच्या जमिनीवर मी शिकारीला जाऊ लागले, ते कोकणातल्या त्या माळ्याची आठवण म्हणूनच. म्हाताऱ्याच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. एका संध्याकाळी डुकरांची चाहूल नीट लागावी म्हणून मी इअरमफ वर सरकवले, आणि डुकरं अचानक समोर आल्यावर ते खाली ओढायचे राहून गेले. एकच गोळी झाडली. डाव्या कानात शिट्टी सुरू झाली ती तीन दिवस थांबली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं कमी झालंय आणि ते परत येणार नाही. मी एकोणचाळीस वर्षांची होते. म्हाताऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं आपल्या कानातलं यंत्र काढून माझ्यासमोर धरलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले.

*

सायलेन्सरची गोष्ट एका बहिऱ्या बापापासून सुरू होते.

हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हा अमेरिकेत जन्मलेला संशोधक. पुढे तो इंग्लंडमध्ये स्थायिक झाला, ब्रिटिश नागरिक झाला आणि 1901 मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. 1880 च्या दशकात त्यानं एका गोळीच्या धक्क्यातून दुसरी गोळी आपोआप भरणारी मशीनगन बनवली. आफ्रिकेत ब्रिटिशांनी हीच मॅक्झिम गन वापरली. 1898 च्या ओमदुरमानच्या लढाईत हजारो सुदानी सैनिक मेले, तेव्हा समोरच्या ब्रिटिश बाजूला ती होती. आयुष्यभर बंदुकांच्या आवाजात राहून मॅक्झिम स्वतः जवळजवळ बहिरा झाला.

त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम 1869 चा. पर्सी लहान असतानाच बाप युरोपात निघून गेला आणि मुलगा आईजवळ वाढला. एमआयटीतून इंजिनिअर होऊन तो कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात मोटारगाड्यांवर काम करू लागला. बापानं जगातली सर्वांत कर्कश वस्तू बनवली होती, मुलगा आवाज कमी कसा करायचा याच्या मागे लागला. न्हाणीघरातल्या टबातलं पाणी गोल फिरत, आवाज न करता खाली जाताना बघून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. 30 मार्च 1909 रोजी त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. इंजिनाचा आवाज कमी करण्यासाठीही तो हेच तत्त्व वापरत होता. तुमच्या बाइकखालचं नळकांडं आणि माझ्या रायफलपुढचं नळकांडं ही एकाच घरातली भावंडं आहेत.

पर्सीबद्दल आणखी एक गोष्ट मला आवडते. 1914 मध्ये त्यानं हौशी रेडिओवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. ती अजून चालू आहे आणि तिच्या मुख्य केंद्राची डब्ल्यू-वन-एडब्ल्यू ही ओळखखूण मुळात पर्सीची. आवाज दाबणाऱ्या माणसाला दूरवरचा बारीक आवाज ऐकण्याचा छंद होता.

त्या काळात त्याचा सायलेन्सर हार्डवेअरच्या दुकानात मिळायचा, टपालानंही मागवता यायचा. कंपनी तो विकायची ती सभ्य शेजाऱ्यांची वस्तू म्हणून. घरामागे नेमबाजीचा सराव करा, गल्लीला त्रास देऊ नका. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलवरही मॅक्झिमचा सायलेन्सर होता. तेव्हा हे नळकांडं कोणाला मारेकऱ्याचं वाटत नव्हतं.

*

मग काय झालं? दारूबंदी आली. 1920 पासून तेरा वर्षं अमेरिकेत दारू बेकायदा होती आणि चोरट्या दारूवर टोळ्या गब्बर झाल्या. 1929 मध्ये व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी शिकागोत सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि टॉमी गन आणि शॉटगननं गोळ्या घातल्या. लोक भेदरले. सरकारनं काहीतरी करायलाच हवं होतं.

अडचण अशी, की केंद्र सरकार शस्त्रांवर थेट बंदी घालू शकेल का, याची त्याला खात्री नव्हती. पण कर लावायचा अधिकार नक्की होता. म्हणून 26 जून 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनं मशीनगन, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यांच्या प्रत्येक हस्तांतरावर दोनशे डॉलर कर बसवला आणि नोंदणी सक्तीची केली. तेव्हाचे दोनशे म्हणजे आजचे साडेचार हजारांहून अधिक डॉलर. खुद्द टॉमी गनची किंमतच साधारण तेवढी होती. नावाला कर, प्रत्यक्षात कुलूप.

या यादीत सायलेन्सरही होता. मला खरी उत्सुकता इथेच वाटली. त्या वेळच्या सुनावण्यांत वाद झाला तो मशीनगन आणि पिस्तुलांवर. मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती, पण विरोध इतका झाला की ती वगळली गेली. सायलेन्सरबद्दल मात्र कोणी फारसं बोललंच नाही. त्याच्या बाजूनं उभं राहणारंही कोणी नव्हतं. पर्सी मॅक्झिमची कंपनी इंजिनं आणि कारखान्यांच्या सायलेन्सरकडे वळली होती, आणि 1936 मध्ये तो स्वतःही गेला. ज्या पिस्तुलांनी सगळ्यात जास्त माणसं मरत होती ती बाहेर राहिली आणि आवाज कमी करणारं नळकांडं आत अडकलं. यादीतून नाव काढायला ओरडणारी माणसं लागतात. शांततेच्या बाजूनं ओरडणार कोण?

1937 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कायद्यातला विक्रेत्यांवरचा कर वैध ठरवला. कर आहे, सरकारला कर लावता येतो, विषय संपला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती परत येणार आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी वेलरॉड पिस्तूल आणि डी लाइल कार्बाइन अशी अंगचाच सायलेन्सर असलेली शस्त्रं गुप्त कामांसाठी बनवली. आता सायलेन्सर खरोखरच हेरांच्या हातात आला. उरलेलं काम सिनेमानं केलं. काळा कोट, काळे हातमोजे, पिस्तुलाला हळूहळू आटे फिरवत लावलेली नळी, आणि ‘फुस्स’. शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोपही मोडत नाही. तुम्ही-आम्ही सायलेन्सर पाहिला तो असा.

खरा सायलेन्सर असा नसतो. कुकरचा विचार करा. वाफ कोंडलेली असताना झाकण एकदम उडालं तर घर हादरेल. तीच वाफ शिटीतून हळूहळू गेली तर नुसती सूं सूं होते. बंदुकीत गोळीमागचा वायू प्रचंड दाबानं एकदम बाहेर पडतो, तो आपल्याला ऐकू येणारा बार. सायलेन्सरच्या आत पडद्यांमागे पडदे असतात. वायू त्यांत अडतो, पसरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर येतो. पण गोळी स्वतः आवाजापेक्षा वेगानं जात असते, त्याचा वेगळा कडाका होतो. पोतराजाच्या आसुडाचा होतो तसाच, कारण आसुडाचं टोकही क्षणभर आवाजाच्या वेगापुढे जातं. त्या कडाक्याला सायलेन्सर काही करू शकत नाही.

शिकारीची रायफल साधारण 160 डेसिबलच्या घरात वाजते. अशा क्षणिक आवाजासाठी धोक्याची रेघ 140 ची धरतात. सायलेन्सर 20 ते 35 डेसिबल कमी करतो. तीस डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा हजारावा हिस्सा. तरीही उरतो तो मोठा आवाजच, शेजारी जागा होईल इतका. फक्त कान वाचण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून इथले जाणकार ‘सायलेन्सर’ न म्हणता ‘सप्रेसर’ म्हणतात. कायद्यात मात्र शब्द जुनाच आहे.

*

आता माझी खरेदी. मी 2019 मध्ये अमेरिकेची नागरिक झाले होते, रायफल आधीपासून होती. दुकानदारानं कपाटातून एक काळं नळकांडं काढलं. वीतभर लांब, स्टेनलेस स्टीलचं, अंगावर नंबर कोरलेला. किंमत आठशे डॉलर. पैसे घेतले, आणि नळकांडं परत आपल्याच तिजोरीत ठेवलं. मंजुरी येईपर्यंत ते माझं असूनही माझं नव्हतं. इथले लोक गमतीनं त्याला तुरुंग म्हणतात.

अर्जाचं नाव ‘फॉर्म 4’. दहा बोटांचे ठसे, पासपोर्टसारखा फोटो, जन्म कुठला, कधी गुन्हा, कधी मानसिक उपचारासाठी सक्तीची भरती, सगळं. अर्जाची प्रत स्थानिक पोलीसप्रमुखालाही जाते. 2016 पर्यंत नुसती प्रत पाठवून भागत नव्हतं, त्याची सही लागायची, आणि अनेक अधिकारी ती करतच नसत. मग लोकांनी पळवाट काढली. वकिलाकडून ट्रस्ट बनवायचा आणि सायलेन्सर ट्रस्टच्या नावावर घ्यायचा. 2016 च्या नव्या नियमांनी सही गेली, पण ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार माणसाचे ठसे आणि फोटो सुरू झाले.

मी ट्रस्ट केला नाही, स्वतःच्या नावावर अर्ज केला. त्यातून एक घरगुती भानगड झाली. एका नावावरचा सायलेन्सर मी सोबत असताना दुसऱ्यानं वापरला तर चालतो, पण मी घरात नसताना तो नवऱ्याच्या ताब्यात आहे असा अर्थ निघता कामा नये. त्यामुळे आमच्या तिजोरीचा नंबर नवऱ्याला माहीत नाही. एकमेकांच्या बँकेचे, फोनचे, सगळे पासवर्ड माहीत असलेल्या मराठी घरात हा एकच नंबर गुप्त आहे. सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “असं काय ठेवलंयस गं त्यात?” मी म्हटलं, “सायलेन्सर, आई.” त्या म्हणाल्या, “गाडीचा?”

पावणेआठ महिन्यांनी मंजुरी आली. दोनशे डॉलरचा करशिक्का असलेला कागद. दुकानात जाऊन आणखी एक फॉर्म भरला आणि नळकांडं घरी आणलं. 1934 पासून तो आकडा बदलला नव्हता. महागाई वाढत गेली, दोनशे तसेच राहिले, आणि श्रीमंतांनाही जड वाटणारं कुलूप हळूहळू माझ्यासारखीला उघडता येईल इतकं हलकं झालं. कोणी कायदा सैल केला नाही, नुसता काळ गेला.

आज बेचाळीस राज्यांत सायलेन्सर बाळगता येतो. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात नाही. आणि पर्सी मॅक्झिमच्या कनेक्टिकटमध्ये? बाळगता येतो, पण तो लावून शिकार करता येत नाही.

परदेशात पाहिलं तर चित्र आणखी गोंधळाचं. बंदुकीसाठी परवाना मागणाऱ्या नॉर्वेत आणि न्यूझीलंडमध्ये सायलेन्सरसाठी वेगळा परवाना लागत नाही. तिथे त्याच्याकडे शेजारधर्म म्हणून बघतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडसाधनं घातली आहेत. म्हणजे भारतात नुसतं नळकांडंही कायद्यानं बंदूकच. आबांना असं काही असतं हेही माहीत नव्हतं.

*

मी सायलेन्सरची वकिली करतेय असं वाटेल. पण भीती सगळी खोटी नाही. 31 मे 2019 रोजी व्हर्जिनिया बीच शहरात एका सरकारी इमारतीत बारा माणसं मारली गेली, त्या मारेकऱ्याच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता. अशा घटना क्वचितच्या, पण गोळीचा आवाज ही धोक्याची घंटा असते, आणि ती मंद झाली तर पळायला मिळणारे क्षण कमी होतात, हे म्हणणं उडवून लावता येत नाही. माझी मुलगी इथल्या शाळेत जाते. तिथे गोळीबार झाला तर काय करायचं याचा सराव होतो. आईच्या तिजोरीत काय आहे हे तिला माहीत आहे. तिनं एकदा विचारलं, “मग आम्हाला ऐकू कसं येणार?” मी तिला डेसिबल समजावले. ती ऐकत होती, पण तिचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. माझंही झालं नाही. ठसे दिले, वाट पाहिली, याची मला त्या दिवशी पहिल्यांदा चीड आली नाही.

4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या एका मोठ्या कायद्यानं सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा कर शून्य केला, 1 जानेवारी 2026 पासून. ठसे, अर्ज, नोंदणी तसंच राहिलं. आता 1937 आठवा. हा सगळा डोलारा करवसुलीच्या अधिकारावर उभा होता. करच शून्य झाला तर नोंदणी कशाच्या आधारावर, असा सवाल घेऊन काही जण न्यायालयात गेले आहेत. नव्वद वर्षांपूर्वी सायलेन्सरबद्दल सभागृहात जी चर्चा झाली नाही, ती कदाचित आता न्यायालयात होईल. त्या चर्चेत मॅक्झिमचा कान असावा आणि माझ्या मुलीचा प्रश्नही असावा, असं मला वाटतं.

सायलेन्सर लावून झाडलेली पहिली गोळी मला लख्ख आठवते. म्हाताऱ्याच्या शेताच्या कडेला, अंधार पडताना. इअरमफ होतेच, आता ते मी कधीच वर सरकवत नाही. ठप्प असा जाड आवाज झाला, मागोमाग लांबवर कडाका. डुकरांचा कळप उधळला, एक तिथेच राहिलं. मी इअरमफ काढले. रातकिडे ओरडत होते, पलीकडच्या ओढ्यात बेडूक. शिट्टी वाजत नव्हती.

म्हातारा माझ्या डाव्या बाजूला उभा होता. तो काहीतरी म्हणाला. मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी वळले आणि उजवा कान त्याच्याकडे केला.